हिशेबात न बसणारी मर्सिडीज

मराठी माणसाला एखादी वस्तू नुसती आवडली म्हणून विकत घेता येत नाही. तशी कायद्याने बंदी नाही, पण घरात, दारात, फोनवर आणि रात्री झोपताना स्वतःला सांगायला एक हिशेब लागतो. मोठा फ्रीज घेतला तर 'वीज मात्र छोट्याइतकीच खातो' हे पाहुण्याने विचारायच्या आत सांगायचं. पैठणी घेतली तर ती सेलमध्ये होती आणि पुढे लेकीलाही होणार असते. माझ्या एका मामांनी साठीनंतर हार्मोनियम घेतली. का, तर लाकूड सागवानी आहे. या परंपरेत वाढलेल्या माणसाने अमेरिकेत येऊन १९८३ सालची, डिझेलवर चालणारी मर्सिडीज २४०डी घेतली तर त्याला किती हिशेब लागत असतील याचा विचार करा. मी तेच जमवत असतो.

त्यातून मी राहतो पिस्कॅटवेत, आणि हे हिशेबी माणसांचं गाव आहे. गाव जुनं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, म्हणजे १६६६ मध्ये वसलेलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मराठी माणसाला साल लक्षात ठेवायला बरं पडतं. आज गावात रटगर्स विद्यापीठाचे दोन मोठे कॅम्पस आहेत, होज लेनवर आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेची कचेरी आहे, आणि शेजारच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर कढीपत्त्यापासून कुंकवापर्यंत सगळं मिळतं. इथला मराठी माणूस शाळा बघून घर घेतो, लोकल बघून नोकरी घेतो आणि रीसेल व्हॅल्यू बघून गाडी घेतो. त्यामुळे आमच्या कॉलनीच्या पार्किंगमध्ये एक कॅमरी, एक अकॉर्ड, एक सीआर-व्ही आणि पुन्हा एक कॅमरी असा क्रम लागतो. रंग करडा. संध्याकाळी लोक लांबूनच किल्लीचं बटण दाबतात आणि जिचे दिवे लागतील ती आपली समजून तिच्यात बसतात.

माझी गाडी ओळखायला दिवे लागत नाहीत. ती फिकट पिवळी आहे, तिच्या नाकावर तीन टोकांचा तारा उभा आहे आणि ती कोपऱ्यावर वळायच्या आधीच तिचा आवाज घरी पोचलेला असतो.

मर्सिडीज घेतल्याची बातमी सांगलीला पोचली तेव्हा दिवसभर अभिनंदनाचे फोन आले. आत्याने पेढे वाटले. एका चुलतभावाने, ज्याच्याशी वाटणीनंतर बोलणं नव्हतं, 'शेवटी रक्ताचं नातं' असा मेसेज केला. मग मी फोटो पाठवला. त्यानंतर दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, आवाज हळू. "नोकरी आहे ना रे?" पुण्याच्या मेव्हण्याने वेगळा मुद्दा काढला. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात तयार होते, आधी पिंपरीला, मग चाकणला. तिथे शोरूममध्ये नवीकोरी उभी असते. आणि हा गृहस्थ सातासमुद्रापलीकडे जाऊन आपल्या लग्नाच्या आधीची गाडी घेतो! अभिनंदन आणि सांत्वन एकाच वाक्यात करता येईल अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

तेव्हा पहिला हिशेब मी डिझेलचा मांडला. आमच्या पिढीच्या डोक्यात डिझेल म्हणजे काटकसर हे पक्कं बसलेलं आहे. भारतात सरकारने वर्षानुवर्षं डिझेलचा भाव पेट्रोलच्या खाली धरून ठेवला, कारण त्यावर ट्रक चालायचे, एसटी चालायची, विहिरीवरची इंजिनं चालायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने तो भाव बाजारावर सोडला, तोवर घरात डिझेल गाडी येणं म्हणजे कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन बसलेलं असणं. रोजचे किलोमीटर किती, पेट्रोलशी फरक किती, गाडीची जादा किंमत किती वर्षांत फिटते. अँबॅसडरला डिझेल इंजिन बसल्यावर तर ती धडधडत असली तरी मालक आतून शांत असायचा, कारण प्रत्येक धक्क्यामागे पैसे वाचत होते.

हा हिशेब घेऊन मी अमेरिकेत उतरलो आणि तो इथे उलटा निघाला. इथे केंद्र सरकार पेट्रोलच्या गॅलनवर १८.४ सेंट कर घेतं आणि डिझेलवर २४.४. पंपावरही डिझेल बहुतेक वेळा महागच. माझी गाडी गॅलनला पंचवीस-तीस मैल जाते. शेजारच्या गुजराती काकांची हायब्रीड कॅमरी पन्नासच्या आसपास. शिवाय प्रत्येक पंपावर डिझेल नसतं, त्यामुळे ते शोधायला जाण्यात थोडं डिझेल जातं. म्हणजे तीन पिढ्यांनी काटकसरीचं म्हणून वापरलेलं इंधन मी इथे येऊन चैनीचं करून टाकलं. आमच्या घराण्यात आजवर कोणी शौक केला नव्हता. केला तो डिझेलचा.

एकेकाळी अमेरिकेतही हा हिशेब बरोबर होता. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाची टंचाई झाली आणि न्यू जर्सीत नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम हे बघून पेट्रोल मिळू लागलं. त्या धास्तीत अमेरिकन माणसाने डिझेल गाड्या घेतल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे विकल्या जाणाऱ्या मर्सिडीजमध्ये निम्म्याहून जास्त डिझेलवाल्या होत्या, आणि माझी त्याच वऱ्हाडातली. मग तेल स्वस्त झालं आणि लोकांना डिझेलचा आवाज ऐकू यायला लागला. जनरल मोटर्सने काढलेल्या डिझेल व्ही-८ इंजिनांनी इतक्या गिऱ्हाइकांना रस्त्यात उभं केलं की एक अख्खी पिढी डिझेलचं नाव काढल्यावर चेहरा वाकडा करते. उरलेली अब्रू २०१५ मध्ये गेली. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीपुरत्या सोवळ्यात असतात आणि रस्त्यावर आल्या की सोवळं सोडतात, हे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या मोजणीतून बाहेर आलं. आता या देशात नवी डिझेल सलून जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे पर्याय जुनीचाच. हेही मी हिशेबात धरतो.

दुसरा हिशेब टिकाऊपणाचा. इथे मी जरा जोरात बोलतो, कारण इथे माझ्या बाजूने पुरावा आहे. माझी गाडी मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ घराण्यातली. १९७६ ते १९८६ या काळात या गाड्या सुमारे २७ लाख बनल्या आणि त्यातल्या असंख्य टॅक्सी म्हणून राबल्या, जर्मनीत, मोरोक्कोत, अर्ध्या जगात. हिच्या आधीच्या पिढीतली १९७६ सालची एक २४०डी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती जर्मनीतल्या मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. पृथ्वीपासून चंद्र पावणेचार-चार लाख किलोमीटर. म्हणजे हा गृहस्थ चंद्रावर पाच-सहा वेळा जाऊन परत आला, आणि तेही मीटर टाकून. त्या मानाने माझी गाडी बालवाडीत आहे, असं मी बायकोला सांगतो. ती म्हणते, "तो टॅक्सीवाला पैसे घेत होता. तू देतोस."

पैसे कुठे देतो, तर लिंडनकडच्या एका पोलिश मेकॅनिककडे. हा माणूस कमी बोलतो. गाडीचं बॉनेट पार काटकोनात उभं राहतं, तो आत वाकतो, कान लावतो आणि मान हलवतो. मान वरखाली हलली की थोडे पैसे, आडवी हलली की जास्त. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही, कारण गाडीत वाचण्यासारखं काही इलेक्ट्रॉनिक नाहीच. माझ्या ऑफिसमधले लोक सॉफ्टवेअरच्या जिवावर घर चालवतात, पण माझ्या गाडीत सॉफ्टवेअरची एक ओळ नाही हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी असूया येते ती नव्या टेस्लावाल्याच्या वाट्याला येत नाही.

तिसरा हिशेब सुखाचा, आणि तो मांडणं सगळ्यात अवघड, कारण सुख हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते आम्हाला शिकवलेलं नाही. या गाडीच्या सीटमध्ये खऱ्या स्प्रिंगा आहेत आणि त्यावर घोड्याच्या केसांची गादी. बसलं की आधी गाडी जराशी खाली जाते, मग तुम्हाला जोखून परत वर येते. हिवाळा संपला की स्टेल्टन रोडवर खड्डे उगवतात. करड्या गाड्या ते चुकवत नागमोडी जातात आणि माझी सरळ त्यांच्यावरून जाते. खड्डा होता हे नंतर आरशात कळतं. स्टिअरिंग एवढं मोठं की त्यावर पोळ्या लाटाव्यात. समोर पडदा नाही, त्यामुळे गाडी मला सूचना करत नाही. लेन सुटली, पट्टा सैल आहे, कॉफी प्यायला थांबा, असं काही म्हणत नाही. आठवडाभर मीटिंगमध्ये सूचना ऐकलेल्या माणसाला शनिवारी मिळणारं हे मौन फार मोलाचं असतं, फक्त ते इंजिनच्या आवाजामुळे ऐकू येत नाही.

आता वेगाबद्दल. इंजिन २.४ लिटरचं, ताकद ६७ घोड्यांची. कॅमरीत दोनशेच्या वर घोडे असतात. शून्यापासून ताशी साठ मैल गाठायला हिला वीस सेकंद किंवा त्याहूनही जास्त लागतात. गावातल्या रस्त्यांना हे चालतं. रिव्हर रोडवरून जॉन्सन पार्कच्या कडेने रॅरिटन नदी बघत जायला याहून योग्य गाडी नाही. हरणं रस्ता ओलांडताना थांबून हिच्याकडे बघतात आणि हिच्यापासून आपल्याला धोका नाही हे ओळखून सावकाश जातात. प्रश्न येतो तो आय-२८७ हायवेवर चढताना.

२८७ वर चढणं हे इतरांसाठी पाय दाबणं असतं. आमच्यासाठी ती मोहीम असते. पॉसमटाउन रोडच्या सिग्नललाच तयारी सुरू होते. मी म्हणतो, "एसी." बायको एसी बंद करते, कारण एसीला जाणारे दोन-चार घोडे आता परत हवे असतात. खंबाटकीच्या घाटात मारुती ८००ला हेच करायचो, तेव्हा हात शिकलेला आहे. "काचा." काचा वर जातात. मग पाय तळापर्यंत. गाडी आवाज आधी वाढवते आणि वेग नंतर. रॅम्प संपत येतो, उजवीकडून येणारी आमची लेन बारीक होते आणि डावीकडून अठरा चाकांचा ट्रक येतो. या क्षणी दोन गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे ट्रकवाला हॉर्न मारतो. दुसरी, जी बरेचदा घडते, ती म्हणजे ट्रकवाल्याला ओळखीचा आवाज ऐकू येतो, तो खाली बघतो, आपल्या जातीचं पोर दिसल्यावर वेग कमी करतो आणि हात हलवून पुढे घेतो. बायको तोवर 'रामरक्षा' म्हणत 'शिरो मे राघवः'पाशी आलेली असते. मी सांगतो की डिझेल घेण्याचा हा फायदा आहे, ट्रकवाले आपले होतात. ती म्हणते, "कॅमरी घेतली तर ट्रकवाल्यांची गरजच पडत नाही."

पंपावरचा कार्यक्रम वेगळा. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने गाडीवाल्याला स्वतः पेट्रोल भरता येत नाही. पंपावरच्या माणसानेच भरायचं. ओरेगनने २०२३ मध्ये आपल्याकडची बंदी उठवली तेव्हापासून अमेरिकेत असं राज्य एवढंच उरलं. पण कायदा बोलतो पेट्रोलबद्दल, डिझेलबद्दल नाही. म्हणजे डिझेल मी स्वतः भरू शकतो. हे मला माहीत आहे, पंपावरच्या सरदारजींना माहीत नाही, आणि मला माहीत आहे हे त्यांना पटत नाही. मी हिरव्या मुठीकडे हात नेला की ते धावत येतात. "ओ भाईसाब, वो डीज़ल है!" मी सांगतो, हो, डिझेलच हवंय. ते गाडीकडे बघतात, ताऱ्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "मर्सिडीज में डीज़ल?" मग टाकीच्या झाकणावर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. मग ते पंजाबातल्या त्यांच्या ट्रॅक्टरबद्दल सांगायला लागतात. मागे कॅमऱ्यांची रांग लागते. पेट्रोल भरून लोक निघून जातात, आम्ही मात्र डिझेल भरता भरता गव्हाच्या पेरणीपर्यंत आलेलो असतो.

हिवाळ्यात गाडी चालू करायला धीर लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्यात इंधन सोडायचं, हे रुडॉल्फ डिझेलचं १८९०च्या दशकातलं डोकं. थंड इंजिनात आधी ग्लो प्लग तापवावे लागतात. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, आणि तो विझेपर्यंत हात जोडून बसायचं. बाहेर बर्फ, आत मी. पिस्कॅटवेतला मराठी माणूस ज्यांच्यासाठी मुकाट्याने थांबतो अशा दोनच गोष्टी आहेत, ग्रीन कार्ड आणि ग्लो प्लग. त्यातला ग्लो प्लग निदान विझतो तरी.

चालू करण्यापेक्षा बंद करणं अधिक रंजक असतं. या पिढीच्या मर्सिडीज डिझेलमध्ये इंजिन बंद होतं ते निर्वात नळीच्या ओढीने. किल्ली फिरवली की ती नळी पंपाचं इंधन तोडते. चाळीस वर्षांत रबर चिरतं, ओढ सुटते, आणि मग किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन चालूच राहतं, 'निघतो, निघतो' म्हणत दारात चप्पल घालून तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखं. त्यावर कारखान्याने आधीच तोड काढून ठेवली आहे. बॉनेटखाली एक खटका असतो, त्यावर स्टॉप असं लिहिलेलं असतं. तो दाबायचा. जर्मन इंजिनिअरांनी १९७०च्या दशकातच गृहीत धरलं होतं की एक दिवस ही गाडी मालकाचं ऐकणार नाही, आणि तरी त्यांनी ती विकली. या प्रामाणिकपणावर माझा जीव जडला.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला ही गाडी घेऊन गेलं की पार्किंगचे स्वयंसेवक मला आधी पुढे पाठवतात, पाहुण्यांच्या रांगेत, कारण लांबून तारा दिसतो. जवळ गेल्यावर आवाज ऐकून परत मागे पाठवतात, केटररच्या व्हॅनशेजारी. तिथेच एकदा स्वयंपाक समितीच्या एका काकांनी मला गाठलं. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की अमेरिकेत हौशी लोक या जुन्या मर्सिडीज हॉटेलातल्या तळणीच्या तेलावर चालवतात. ते खरं आहे. तेल गाळायचं, तापवायची सोय करायची, आणि मग गाडी जाईल तिथे फ्रेंच फ्राईजचा वास. काका म्हणाले, "आपल्याकडे बटाटेवड्यांचं वीस लिटर उरलंय. घेऊन जा." मी सांगितलं, इंजिनाला ते मानवेलच असं नाही. "अहो, शेंगदाणा तेल आहे, शुद्ध." इतिहास काकांच्या बाजूने होता, हे मला कबूल करावं लागलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरच चालवून दाखवलं होतं. तरी मी तेल घेतलं नाही. २८७ वर आधीच माझ्यामागे रांग लागते; वड्यांचा वास सुटला तर ती हटणार नाही.

नंबरप्लेटचंही एक प्रकरण आहे. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळू शकते, पण मग गाडी फक्त प्रदर्शनासाठी आणि शैक्षणिक कामासाठी वापरायची. मी विचार करून पाहिला. माझी गाडी रस्त्यावर येते तेव्हा प्रदर्शन आपोआप होतं. पण ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणायला जाणं शैक्षणिक कामात कसं बसवायचं हे मला जमलं नाही. म्हणून साधीच पाटी आहे.

घरातलं सगळ्यात कडक ऑडिट लेकीचं. ती शाळेत हवामानबदल शिकते आणि जुन्या डिझेलच्या धुरात काय काय असतं याची यादी तिला पाठ आहे. तिचं बरोबर आहे. या गाडीला धूर गाळणारी जाळी नाही. मी मांडतो की नवी गाडी बनवायलाही पोलाद वितळवावं लागतं, आणि ही तर शनिवार-रविवारचीच आहे. रोजच्या कामाला बायकोची करडी अकॉर्ड आहे. लेक शांतपणे ऐकते आणि म्हणते, "बाबा, तुला ती आवडते म्हणून सांग ना." अमेरिकेत वाढलेल्या मुलांना काहीही सांगता येतं. मी विषय बदलला.

मग अण्णा आले. माझे वडील, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त, सहा महिन्यांच्या व्हिसावर. नेवार्क विमानतळावर मी मुद्दाम मर्सिडीज घेऊन गेलो. त्यांनी तारा पाहिला, काही बोलले नाहीत. बॅगा डिकीत गेल्या, आणखी दोन गेल्या असत्या, हे त्यांनी नजरेने मोजलं. पुढच्या सीटवर बसले. दिवा लागला, विझला, मी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि अण्णांचा चेहरा उजळला.

"आरं, हा तर वडापचा आवाज की!"

आवाज खरोखरच वडापचा आहे. या गाडीच्या पोटात जे इंजिन आहे, ओएम६१६ नावाचं, तेच ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोने परवाना घेऊन आकुर्डीत बनवायला सुरुवात केली आणि पुढे ते टेम्पो ट्रॅक्समध्ये बसलं. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागात तीस वर्षं माणसांनी ज्या ट्रॅक्समधून वडाप केलं, मागे आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून, पुढे ड्रायव्हर मधे आणि त्याच्या उजव्या हातालाही एक माणूस अर्धा बाहेर, तिचं आणि माझ्या मर्सिडीजचं कुळ एक. हे मी अण्णांना टर्नपाइकवर समजावून सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. एवढे पैसे घालून पोराने मर्सिडीज घेतली या गोष्टीचं त्यांना मनातून दडपण आलं असावं; ती मुळात इस्लामपूर-सांगली वडाप आहे म्हटल्यावर ते सैलावून बसले.

"हिच्यात किती बसतात?"

"पाच."

"पाचच?" त्यांनी मागे वळून त्या प्रशस्त सीटकडे पाहिलं आणि हळहळले.

त्या दिवसापासून अण्णांनी अकॉर्डमध्ये पाय ठेवला नाही. मंदिरात जायचं तरी मर्सिडीज. पंपावर ते खाली उतरतात आणि सरदारजींशी विहिरीच्या खोलीबद्दल बोलतात. २८७ वर चढताना ते रामरक्षा म्हणत नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकवाल्याला थांबण्याची खूण करतात, आणि ट्रकवाले थांबतात. पण किंमत मी त्यांना सांगितली नव्हती. घरात एक आकडा, फोनवर एक आणि मनात खरा, अशी माझी व्यवस्था होती. ओव्हरसियर माणूस, त्याने आडून आडून काढलीच.

ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात आम्ही भाजी घेत होतो. अण्णा भेंडीची टोकं मोडून बघत होते.

"गाडीचं वजन किती रे?"

"सुमारे बत्तीसशे पाउंड."

"आणि दिलेस किती? खरं सांग."

"चौसष्टशे."

अण्णांनी डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि डोळे उघडून भेंडीच्या पाटीकडे पाहिलं. पाउंडाला दोन डॉलर एकोणपन्नास सेंट.

"दोन डॉलर पाउंड पडली की गाडी," ते म्हणाले. "भेंडीपेक्षा स्वस्त. आणि हिच्यात निबर निघायची भीती नाही."

तिथेच, भाजीच्या रांगेत उभं राहून, त्यांनी सांगलीला आत्याला फोन लावला. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात त्यांनी तिला उठवून सांगितलं की पोरानं मर्सिडीज घेतली ती भाजीच्या भावात घेतली, पोरगा हुशार आहे, काळजी करू नकोस. मग फोन खिशात ठेवला, मी पिशवीत भरलेली भेंडी बाहेर काढली आणि परत ढिगावर ठेवली.

"ही राहू दे," ते म्हणाले. "परवडत नाही."